सहा खुर्च्या आणि सात नंबर

मित्रांनो, मी एक जुने टोकन मशीन आहे. बँकेत शिरल्यावर ज्याचे बटण दाबतात आणि जे जीभ बाहेर काढावी तशी एक पांढरी चिठ्ठी पुढे करते, तेच मी. चिठ्ठीवर आकडा असतो. समोरच्या पाटीवर तो आकडा लाल उजेडात उमटला की तुमची पाळी आली. मला आयुष्यात एवढेच बोलता आले, आकडे, आणि तेही ओळीने. सध्या माझा मुक्काम बँकेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी एकावर एक रचलेल्या सहा खुर्च्या आहेत. त्यांची आणि माझी ओळख फार जुनी. आम्ही एकमेकांकडे बघतो आणि गप्प बसतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, चार स्क्रू पिळले आणि बटण दाबून पाहिले. पहिली चिठ्ठी निघाली. तिने ती उजेडात धरली, समाधानाने मान हलवली आणि ती पुढच्या मशीनकडे वळली. माझे कौतुक करायला तिला वेळ नव्हता. तिच्यापुढे माझी बरीच भावंडे पोट उघडे टाकून वाट पाहत होती.

मी या बँकेत येण्याआधी इथे पाळी कोपराने ठरत असे. ज्याचे कोपर टोकदार, त्याचे काम आधी. हळू बोलणारी माणसे दुपारपर्यंत उभी राहत. मी आले आणि सगळे बदलले. लोक चिठ्ठी घेऊन बाकावर निवांत बसू लागले. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला यायचे. ते माझ्या डोक्यावर थोपटून म्हणायचे की या बँकेत नाकासमोर चालणारे हे एकच आहे. मला ते ऐकून फार बरे वाटे. थोडा गर्वही होई, कशाला खोटे बोलू?

माझी देखभाल शिपाईकाका करत. रोज सकाळी दार उघडण्याआधी ते मला फडक्याने पुसत आणि पाठीमागची किल्ली फिरवून माझा आकडा शून्यावर आणत. कागदाची गुंडाळी संपली की नवी घालत. दमट हवेत माझा कागद अडकायचा. मग ते मला एक हलकीच चापट मारत आणि म्हणत, "रुसू नकोस बाबा, लोक थांबलेत." मी लगेच चिठ्ठी देई.

रोज येणाऱ्यांत समोरच्या गल्लीत इस्त्री करणारी एक बाई होती. तिच्याबरोबर तिची मुलगी यायची. आई तिला चिंगी म्हणायची, म्हणून सगळी बँक तिला चिंगी म्हणू लागली. तिचा हात माझ्या बटणाला जेमतेम पुरायचा. एकदा तिने मजेने दोन चिठ्ठ्या काढल्या. आईने दुसरी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली आणि मागच्या म्हाताऱ्या माणसाला दिली. "एकच घ्यायची," ती म्हणाली. "दुसऱ्याचा नंबर आपण कशाला खायचा?" त्यानंतर चिंगीने माझे बटण कधी दोनदा दाबले नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत उंच झाली, शाळा संपवून कॉलेजात गेली, आणि आईच्या पैसे भरायच्या पावत्या स्वतः लिहू लागली.

आता मॅडमची गोष्ट. त्या बँकेत अधिकारी होत्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना कोणी धड बसायलाही सांगितले नव्हते, हे त्या शिपाईकाकांना हसत हसत सांगायच्या. म्हणून कॉलेजच्या मुलांना सुट्टीत दोन महिने बँकेत शिकायला घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याला इंटर्नशिप म्हणतात. मुख्य कार्यालयातून आधी नकार आला, मग शंका आल्या. पोरेटोरे नोटांना हात लावतील, संगणकात डोकावतील, जबाबदारी कोणाची? मॅडम प्रत्येक शंकेला उत्तर देत राहिल्या. मुले तिजोरीकडे फिरकणार नाहीत. ती आधी इथे, लोकांमध्ये बसतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना पावती भरून देतील, ज्यांना कळत नाही त्यांना समजावून सांगतील. बँक म्हणजे आधी माणसे, हे शिकतील. शेवटी सहा जागा मंजूर झाल्या, त्याही एक वर्ष करून बघण्यापुरत्या.

मॅडमनी अडगळीतून सहा खुर्च्या काढल्या. एकीचा पाय लंगडत होता, तो सुताराकडून नीट करून घेतला. खुर्च्या माझ्यासमोर ओळीत मांडल्या आणि सहा बिल्ले करून आणले. कुठल्या आठवड्यात काय शिकवायचे ते त्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ठरवत. त्यांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता तो मला अजून दिसतो.

पण सहा जागांची बातमी फुटताच फोन सुरू झाले. कोणाचा पुतण्या, कोणाची भाची, कोणी मोठ्या खातेदाराचा लाडका. मॅडमनी मोठ्या साहेबांना, म्हणजे शाखेच्या मुख्य साहेबांना, स्पष्ट सांगितले की वशिला नको. कॉलेजचे ओळखपत्र घेऊन सोमवारी जी मुले येतील, त्यांतली पहिली सहा घ्यायची, टोकनच्या नंबराने. मग माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, याला ना मामा, ना काका." मोठे साहेब हसले आणि बरे म्हणाले. मित्रांनो, त्या दिवशी मी इतके फुगले होते की माझे झाकण कसे उडाले नाही याचेच नवल.

चिंगीच्या घरी काय चालले होते ते तिच्या आईने शिपाईकाकांना सांगितले तेव्हा मी ऐकले. चिंगीचा चुलता रोज येऊन टुमणे लावत होता की पोरीला कॉलेजातून काढा आणि कापडाच्या दुकानात लावा, शिकून कोणाचे भले झाले आहे? आईचा एकटीचा आवाज पुरत नव्हता. "ही एकदा बँकेत खुर्चीवर बसलेली दिसली ना," ती म्हणाली, "की भाऊजींचं तोंड बंद होईल. मग कॉलेज पुरं होईल तिचं." शिपाईकाका म्हणाले की तिला सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहा म्हणावे. मीही मनात तेच म्हणत होते.

शनिवारी बँक बंद झाली. मॅडम घरी गेल्या. मोठे साहेब कानाला फोन लावून माझ्यापाशी आले आणि त्यांनी शिपाईकाकांना मला शून्यावर आणायला सांगितले. काकांनी किल्ली फिरवली. साहेबांनी माझे बटण दाबले. मी एक नंबरची चिठ्ठी दिली. त्यांनी पुन्हा दाबले. मी दोन नंबरची दिली. असे करता करता त्यांनी सहा चिठ्ठ्या काढल्या, घडी करून खिशात टाकल्या आणि काकांना म्हणाले, "सोमवारी सकाळी याला शून्यावर आणू नका." काकांनी खाली मान घातली. त्यांची नोकरी साहेबांच्या हातात होती. आणि मी? बटण दाबले की चिठ्ठी द्यायची, यापलीकडे मला काही येतच नाही. मला घडवणाऱ्या बाईने माझ्यात सगळ्या तारा जोडल्या होत्या, पण नकार देणारी तार जोडली नव्हती. ती नसते हे मला तेव्हा कळले.

रविवार माझा कसा गेला ते विचारू नका.

सोमवारी दाराच्या काचेतून मला रांग दिसत होती. सगळ्यांत पुढे चिंगी होती. आईने इस्त्री करून दिलेला कडक घडीचा पांढरा शर्ट तिने घातला होता. दार उघडले. ती धावली नाही. सरळ चालत माझ्यापुढे आली, माझ्याकडे पाहून ओळखीचे हसली आणि तिने बटण दाबले. एरवी जरा दमट हवा झाली की माझा कागद अडकायचा. त्या सकाळी अडक म्हणून मी किती विनवण्या केल्या त्या कागदाला! पण तो सुरळीत बाहेर आला. त्यावर सात होते.

चिंगीने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग ती शिपाईकाकांना म्हणाली, "काका, मी तर पहिली होते."

काकांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. ते माझे तोंड फडक्याने पुसू लागले. तोंड तर आधीच स्वच्छ होते. "मशीन आहे पोरी," ते म्हणाले, "चुकतं कधीकधी."

मित्रांनो, हे खोटे होते. मी जन्मात एक आकडा चुकले नव्हते. मला ओरडून सांगायचे होते की मी चुकलेले नाही, शनिवारी काय झाले ते यांना विचार. नव्या मशीनना चिठ्ठीवर तारीख आणि वेळ छापता येते म्हणे. माझ्यात ती सोय नव्हती. मला फक्त सात म्हणता आले.

ती सहा मुले उशिराने, आरामात आली. त्यांनी खिशातून घडी पडलेल्या चिठ्ठ्या काढल्या. मॅडमनी त्या घड्या पाहिल्या, मग चिंगीच्या हातातली कोरी करकरीत चिठ्ठी पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. खोलीची भिंत पातळ आहे आणि मी तिला टेकूनच उभे होते. मॅडमचा आवाज चढला होता. साहेबांचा मुळीच चढला नाही. "मॅडम, वरून सहाच जागा मिळाल्यात," ते म्हणाले. "तुम्ही आवाज केलात तर ही सगळी योजनाच बंद होईल. मग पुढच्या वर्षी कुणालाच काही नाही. बघा, तुमच्यावर आहे."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्या चिंगीजवळ गेल्या. मास्तर होते, शिपाईकाका होते, बाकावर पंधरावीस माणसे होती. सगळ्यांना सगळे कळले होते आणि सगळे मूग गिळून बसले होते.

"यंदा जमत नाही गं," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुझी जागा पहिली."

"पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन, मॅडम," चिंगी म्हणाली. तिने चिठ्ठी नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि ती गेली.

योजना सुरू झाली. भिंतीवर फोटो लागला, वरून कौतुकाचे पत्र आले. ती सहा मुले काही वाईट नव्हती, हे मला सांगितले पाहिजे. त्यांतला एक सतत कपाळावर गॉगल चढवून असे. सगळे त्याला गॉगलच म्हणायचे. तो म्हाताऱ्या माणसांना इतक्या मायेने पावत्या भरून द्यायचा की मला त्याचा राग धरताच येईना. त्याला त्या घडीमागची गोष्ट ठाऊकही नव्हती. पण दोघांना बँकेचा कंटाळा आला आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती यायचीच बंद झाली. माझ्यासमोर दोन खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

एके दिवशी चिंगीची आई आली. बाक भरलेले होते. तिने एकच चिठ्ठी घेतली आणि पाय दुखत होते म्हणून ती एका रिकाम्या खुर्चीकडे वळली. शिपाईकाका सवयीने म्हणाले, "वहिनी, तिथे नको, ती शिकणाऱ्या मुलांची आहे." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. बाईने एकदा त्या खुर्चीकडे आणि एकदा तिच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. "मग मुलं कुठायत?" तिने विचारले.

मॅडम लगबगीने उठून आल्या. चिंगीला उद्याच पाठवा, त्या म्हणाल्या, साहेबांचे मी बघते. आईने मान हलवली. "भाऊजींनी दुकानात लावली तिला. कॉलेजातून नाव पण काढलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. पाटीवर तिचा आकडा लागला, तशी ती पैसे भरायला गेली. मॅडम त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. त्या वर्षाअखेर त्यांची बदली झाली.

काही वर्षांनी चिंगी स्वतःच्या पगाराचे पैसे भरायला आली. आता तिचा हात बटणाला सहज पुरत होता. शिपाईकाकांचे केस पांढरे झाले होते. तिने पाकिटातून एक घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. तो कोरा होता. माझ्या चिठ्ठ्यांवरची शाई टिकत नाही, काही महिन्यांत उडून जाते. तेवढीही खूण मला मागे ठेवता येत नाही.

"यावर सात होतं, काका," ती म्हणाली.

काकांनी हातातले फडके बाजूला ठेवले. "मशीन चुकलं नव्हतं, पोरी," ते कसेबसे म्हणाले.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्याला उगीच पुसत होतात." मग तिने माझे बटण दाबले. एकदाच. ती चिठ्ठी घेऊन बाकावर जाऊन बसली.

पुढे नंबर फोनवर मिळू लागले आणि मला इथे आणून ठेवले. योजनेच्या मुलांसाठी नव्या खुर्च्या आल्या, तेव्हा या सहाही इथे आल्या. लंगडी होती ती पुन्हा लंगडते आहे. आम्हाला पुसायला आता कोणी येत नाही, आणि त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी बँकेत बसाल, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात. कुठेतरी रांग असेल आणि कोणीतरी सकाळपासून तिच्यात पहिले उभे असेल. तेव्हा तुमच्या खांद्यावर हात ठेवून कोणीतरी हळूच सांगेल की आधी या सहा चिठ्ठ्या काढून दे. त्या वेळी माझी आठवण ठेवा. मला नाही म्हणता येत नव्हते. तुम्हाला येते.