शेंगा टिकवण्याचं प्रकरण

बायको गेली हे वेल्डरला कळलं तेव्हा तो हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहात पाव बुडवत होता. आदल्या दिवशी तिला एकाचे दोन दिसायला लागले होते. "एक नवरा सांभाळताना नाकी नऊ येतात, आता दोन," ती म्हणाली होती, आणि तोही हसला होता. मग तिच्या पापण्या उघडेनात, घास गिळवेना, शेवटी श्वास घेववेना. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "घरी भरलेल्या हवाबंद बरणीतलं काही खाल्लं होतं का त्यांनी?"

खाल्लं होतं. फरसबीच्या शेंगा, लिंबू पिळून, गारच. त्याने तोंड लावलं नव्हतं. पुस्तकात वाचून केलेलं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसे. पुढे तपासणीतही तेच निघालं: विष बरणीतलंच.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी आठ जण जमत, बायको त्यांतली एक. जमिनीचा कस कसा राखावा, स्वयंपाकघरात वाया काय जातं, सरकार धान्य कुणाकडून आणि का घेतं, असली पुस्तकं वाचत. पुस्तक एकच, म्हणून प्रकरणं वाटून घ्यायची आणि ज्याने जे वाचलं ते त्याने बाकीच्यांना सांगायचं. सांगायची गरज नाही त्या मजकुराशेजारी पेन्सिलीने 'सोडा' लिहायचं, अशी रीत होती. बायकोकडे धान्यखरेदीचे कायदे आले होते. जेवताना ती ते नवऱ्याला ऐकवायची, आणि तो म्हणायचा, "सरकारला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

भाज्या टिकवण्याचं प्रकरण तिच्या धाकट्या बहिणीकडे होतं. धाकटीने सांगितलं तशा सगळ्यांनी शेंगा भरल्या. पहिली बरणी बायकोने उघडली.

शोकसभेच्या आधी वेल्डर वाचनालयातून ते पुस्तक घरी घेऊन आला. ओळीखाली बोट धरून, अडखळत, त्याने ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलं.

सभेला तो पोचला तेव्हा भिंतीशी बरण्यांची उतरंड रचलेली होती. गटाचे म्होरके, निवृत्त पोस्टमास्तर, सांगत होते की आसपासच्या मळ्यांतल्या जास्तीच्या शेंगा अशा भरून शाळेच्या भटारखान्याला द्यायच्या, ही ताईंची कल्पना, आणि सोमवारी पहिली खेप जाईल. त्यांच्याच नावाने.

"दाजी, बसा ना," धाकटी म्हणाली. "तुम्ही येताय म्हणून कळवलं असतंत तर पुढची खुर्ची ठेवली असती."

"उभाच वाचतो. बसून वाचायची सवय नाही." त्याने पान उघडलं. "शेंगा नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून भरू नयेत. दाबाखालीच शिजवाव्यात. नाहीतर बंद बरणीत विष तयार होतं. त्याला वास नसतो, चवही नसते." त्याने मान वर केली. "शेजारी लिहिलंय, सोडा. अक्षर कुणाचं?"

धाकटीने सगळ्यांना सांगितलं होतं, ताईच्या मेंदूत ताप गेला. आता सगळे तिच्याकडे बघत होते.

"लोक घाबरले असते," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कुणी हातच लावला नसता."

"झालं ते झालं," पोस्टमास्तर म्हणाले. "डॉक्टर काय, दहा कारणं सांगतात. एवढ्या वर्षांच्या कामावर पाणी नका ओतू."

वेल्डरने वरची बरणी उचलली, झाकण पिळलं, चमचा आत रोवला आणि बरणी धाकटीपुढे ठेवली.

"खा."

"मी घरून जेवून आलेय, दाजी."

"एक शेंग. एका शेंगेने पोट फुटत नाही."

तिने चमचा धरला. उचलला नाही. पोस्टमास्तरांनी आपली खुर्ची हळूच मागे सरकवली.

"तुला कळलं कधी?"

"ती गेली त्या दिवशी. परत वाचलं मी."

"मग या बरण्या इथे कशा?"

"मला वाटलं," धाकटी म्हणाली, "शाळेत गरम करूनच वाढतील. उकळलं की विष मरतं."

वेल्डरने पोस्टमास्तरांना शाळेत फोन लावायला लावला आणि स्वतः शेजारी बसून सगळं ऐकलं. सगळ्यांच्या घरच्या बरण्याही त्याने गोळा करायला लावल्या, आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची गाडी त्या घेऊन गेली.

जिन्यात धाकटीने त्याची बाही धरली. "आईला नका सांगू. ती माझ्याकडे राहते, माझ्या हातचं खाते. तिच्या घशाखाली घास उतरणार नाही."

"मी नाही सांगत," तो म्हणाला. तिने सुटकेचा श्वास टाकला, तो त्याने पुरता टाकू दिला. "तू सांगायचंस. प्रकरण तुझ्या वाट्याचं होतं."

सासूबाई भेटेल त्याला विचारतात, माझ्या थोरलीला असं झालं तरी काय. धाकटी त्यांना ताट वाढते. सांगितलेलं मात्र अजून नाही.