हिरव्या अर्काचा चंबू

मित्रांनो, मी एक जुना चंबू आहे. काचेचा, गोल बुडाचा. आधार काढला की लवंडतो, म्हणून मला हसलात तरी चालेल. माझ्यापेक्षा हसण्याजोगी माणसं मी याच प्रयोगशाळेत पाहिली आहेत.

बुरशी मारणारा अर्क काढायला मला इथं आणलं. वाळलेला पाला कुटून अल्कोहोलमध्ये भिजवायचा, गाळून माझ्यात ओतायचा आणि मला गरम पाण्यावर ठेवायचं. अल्कोहोल उडून गेलं की बुडाशी हिरवा, चिकट अर्क उरतो. मला रोज धुवायच्या त्या मावशी. त्यांचे यजमान रंगाच्या कारखान्यात दिवसभर ओल्यात उभे असायचे. त्यांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी झाली होती.

एकदा मोठे पाहुणे यायचे होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना कोण घाई! अल्कोहोल पुरतं उडालंच नव्हतं.

"सर, याला अजून वास येतोय," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही भांडी धुवा. नाकानं विज्ञान होत नाही."

एका बशीतल्या बुरशीवर अर्क आणि दुसरीतल्या बुरशीवर नुसतं अल्कोहोल घालून बघायचं, हा नियम. त्या दिवशी दुसरी बशी मांडलीच नाही. पहिलीतली बुरशी मेली. टाळ्याच टाळ्या! सरांनी मला हातात धरून फोटो काढला. मीही भाव खाल्ला, कबूल करतो. बुरशी पाल्यानं नाही, उरलेल्या अल्कोहोलनं मेली होती.

सरांनी मावशींना त्याच अर्काची एक बाटली यजमानांच्या पायाला लावायला दिली. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी डॉक्टरांचं मलम बंद केलं. महिनाभरात यजमानांचा पाय सुजून चिघळला. दोन बोटं कापावी लागली.

पुढं अर्क नीट सुकवून पाहिला, तर बशीत बुरशी मजेत वाढली. वरून विचारणा झाली. सरांनी बिनदिक्कत सांगितलं, "चंबू नीट धुतला नव्हता."

मावशींना कामावरून काढलं.

जाण्याआधी त्यांनी मला चार वेळा धुतलं आणि उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. माझा नुसता संताप झाला होता, पण करतो काय?

मित्रांनो, भांडी स्वच्छ ठेवा, हे मीही सांगेन. पण आपली चूक धुणारीच्या माथी मारू नका. मी तेव्हाही लख्ख होतो. मावशींना ते कुणी सांगितलं नाही. मला फळीवर ठेवताना त्या पुटपुटल्या, "माझ्याच हातानं यांची बोटं गेली."