मावशीने बंद केलेली खिडकी

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या खोलीत सगळे त्याला खिडकीवाला म्हणत. पडद्यावर कोणती खिडकी कुठे उघडायची, कोणती वर, कोणती खाली, तिच्या कडा आणि वरची पट्टी कशी रंगवायची, हे ठरवणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. नकाशा, फोनची यादी, पत्त्याचा फॉर्म हे बिचारे आपापल्या चौकटीत काय ते दाखवणार. बाकी मानपान याच्या हातात. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या काकूचं काम ते, आणि त्याचा तोराही तसाच होता.

पंधरा दिवसांपूर्वी एका वयस्कर गृहस्थांकडे गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोचली. जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला. संगणकातली नोंद स्वच्छ होती: तातडीच्या कॉलची खिडकी मावशीच्या टेबलावर उघडली आणि अर्ध्या सेकंदात तिथूनच बंद झाली. मावशी म्हणजे तिथली सर्वांत जुनी ऑपरेटर, बावीस वर्षं नोकरी झालेली. ती म्हणत होती, मला खिडकी दिसलीच नाही. साहेब म्हणत होते, मग काय भुताने बंद केली? शुक्रवारी चौकशी होती आणि तिची नोकरी जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

साहेबांना अहवालासाठी चार ओळी हव्या होत्या, म्हणून गुरुवारी सकाळी खिडकीवाला तिच्यामागे खुर्ची टाकून बसला. चूक मावशीचीच, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. तिची बोटं पत्ता टाइप करत होती आणि डोळे भिंतीवरच्या नकाशात जवळची गाडी शोधत होते. जुन्या ऑपरेटरांची ही रीतच. पत्ता संपला की एंटर, आणि मग पडद्याकडे बघायचं.

एंटर दाबायच्या क्षणीच कसलीशी साधी सूचना आली. त्याच्याच नियमाप्रमाणे ती खिडकी सर्वांच्या पुढे उघडली आणि कीबोर्ड तिच्या ताब्यात गेला. मावशीचं एंटर तिच्यातल्या ‘समजलं’ या बटणावर पडलं. खिडकी मिटली, खालचा फॉर्म पुन्हा रंगवला गेला. मावशीने मान वळवली तेव्हा पडद्यावर तिने टाइप केलेलाच पत्ता होता. एंटर लागलं नाही असं समजून तिने ते पुन्हा दाबलं.

त्या दिवशी तातडीच्या कॉलची खिडकीही अशीच मिटली असणार, हे खिडकीवाल्याच्या लक्षात आलं. येईल ती खिडकी पुढे बसवायची, या नियमासाठी त्याने शाबासकीही घेतली होती. साहेब म्हणाले, गुपचूप दुरुस्त कर, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस? त्याने नियम बदलला: नवी खिडकी बाजूला दिसेल, कीबोर्ड मात्र चालू टायपिंगकडेच राहील. मग चार ओळींच्या जागी दोन पानं लिहिली, वर स्वतःचं नाव घातलं आणि थेट चौकशी समितीला पाठवून दिली. साहेबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी त्याने मावशीला सगळं सांगितलं. तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

“परवा मी लेकीला सांगून टाकलं,” ती म्हणाली, “की मीच बंद केली असणार. माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता रे.”

“चूक माझी होती, मावशी.”

“मग त्या गृहस्थांना कोण सांगणार?”

त्याने पत्ता विचारला. तिला तो तोंडपाठ होता.