गंठोड्याची पुडी

माझा नवरा हिरू गेला, त्या वर्षी आमच्या घरात दिवाळीला कढई चढणार नव्हती. माणूस गेलेल्या घरात वर्ष फिरेपर्यंत तळण नाही, गोड नाही, अशी आमच्याकडची रीत. आमच्या रानशेत गावात रीत पाळणाऱ्यांपेक्षा दुसरा पाळतो की नाही ते बघणारेच जास्त. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आषाढात त्याला ताप आला, तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तसं माझं डोकं झालं. शेतावर जायचे, चूल पेटवायचे, कोणी काही बोललं तर मान हलवायचे.

पण चंद्रिकाची पहिली दिवाळी होती. माझी एकुलती एक पोर. वैशाखात लग्न होऊन ती तलासरीला गेली, नऊ घरांच्या चाळीत. पहिल्या दिवाळीला माहेरून काय आलं ते नऊच्या नऊ घरं बघणार, आणि काहीच आलं नाही तर पोरीला वर्षभर ऐकवणार. विहीण नवशी तोंडाची वाईट नव्हती, पण विहीण ती विहीण. बाप गेलेल्या पोरीला कोणी नाव ठेवू नये, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं.

तळलेलं नाही, गोड नाही आणि माझ्या ऐपतीतलं, असं काय पाठवणार? दारात गवती चहा माजला होता. चहाचा मसाला करावा आणि चाळीत घरटी एकेक पुडी द्यावी, असं मी ठरवलं. मसाल्याला कोणी फराळ म्हणत नाही, त्यामुळे आमच्या गावातल्या बघणाऱ्यांचीही पंचाईत झाली.

सुंठ आणि मिरी आणायला डहाणूला गेले. दुकानदार गुजराती, जुन्या ओळखीचा.

"एवढी सुंठ कोणासाठी, मासी?"

"पोरीसाठी. तलासरीला पाठवायची."

"पहिलीच वार?"

"हो, पहिलीच वेळ," मी म्हटलं. माझ्या डोक्यात दिवाळी होती.

त्याचं तोंड एकदम फुललं. "सरस. मग गंठोडा तर पाहिजेच. ताकद येते."

गंठोडा म्हणजे कसल्या तरी झाडाची गाठाळ मुळं. आमच्या डोंगराकडच्या गावांत ती कोणी वापरत नाही. काय, कशासाठी, मी विचारलं नाही. त्याने वाळू दिली असती तरी मी "घाला" म्हटलं असतं.

गवती चहा सावलीत वाळवला. सुंठ, मिरी, गंठोडा तव्यावर गरम केला आणि शेजारच्या संगिताच्या मिक्सरमधून सगळं काढून जुन्या लुगड्यातून चाळलं. एकेक प्लास्टिकची पिशवी भरायची, तोंड करवतीच्या दोन पात्यांत धरायचं आणि मेणबत्तीवरून फिरवायचं, की चिकटलं. बोट भाजलं ते मला संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं. संगिताला हौस मोठी. तिने प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी डकवली: सुंठ, मिरी, गवती चहा, गंठोडा. विहिणीची पिशवी तेवढी मोठी केली. वसुबारसेला जावई दिपक मोटारसायकलवर येऊन सगळं घेऊन गेला.

भाऊबीज झाल्यावर, आपल्या भेटीचं काय झालं ते बघायला मी जीपने तलासरीला गेले. चाळीच्या नळावरच एका गुजराती बाईने मला ओळखलं.

"चंद्रिकानी मम्मी ना? पेढे क्यारे, कधी?"

"कसले पेढे?"

"आता लपवू नका," ती हसली. "आमच्यात सुवावडीत, म्हणजे बाळंतिणीला, सुंठ-गंठोडा देतात. माहेरून गंठोडा आला म्हणजे समजायचं. आख्ख्या चाळीला खबर आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीला नाव ठेवू नये म्हणून केलं आणि नऊ घरांत मीच भलती आवई उठवून ठेवली. आता महिने गेले, पोट दिसलं नाही, की हीच नऊ घरं तिला काय काय विचारणार. विहिणीला काय तोंड दाखवू, हा विचार करत मी आत गेले.

नवशी रागावलेली नव्हती. तिने मला पाट दिला, त्याच मसाल्याचा चहा दिला. म्हणाली, "बरं केलंत पाठवलंत ते. मी रोज सकाळी दुधातून देते तिला." मग पिशवी उचलून ती बाजाराला गेली. मायलेकींना बोलू द्यावं, एवढी समज तिला होती.

चंद्रिका कपबशा विसळत होती. वाळली होती पोर. आल्यापासून मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

"चाळीत भलतंच पसरलं गं माझ्यामुळे," मी म्हटलं.

"पसरू दे. चार दिवस बोलतील," ती म्हणाली. "मला तर बरं वाटलं. नवरात्रात फोनवर सांगितलं, तर तू 'बरं' म्हणालीस नि फोन ठेवलास. मला वाटलं, आईच्या कानातच गेलं नाही. मग पिशव्या आल्या. पोटातलं पडल्यावरही गंठोडाच देतात, ताकद भरून यायला, ते मला इथल्या बायकांकडून ठाऊक होतं. तू दुकानात विचारून घेतलास ना? मी सासूबाईंना दाखवलं. म्हटलं, बघा, माझ्या आईने ऐकलं होतं."

नवरात्रातला तो फोन मला आठवत होता. मी भात कापत होते. फोन कान आणि खांद्यात धरलेला. ती बोलत होती, एवढं आठवत होतं. काय बोलली, त्यातलं अक्षर आठवत नव्हतं.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. पोर समाधानी, विहीण समाधानी. खोटं बोलायला मी काही घाबरत नाही, बाजारात रोज बोलते. पण ती माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती की मला ते सोसेना.

"मी ऐकलं नव्हतं, चंद्रिका. गंठोडा दुकानदाराने दिला. मला काही ठाऊक नव्हतं."

तिचा हात पाण्यातच राहिला. तोंड एवढंसं झालं. माझ्या छातीत इतकं दुखलं की मी जमिनीला हात टेकला. लाज वाटली मला, स्वतःची.

"आता सांग," मी म्हटलं. "मी ऐकते."

तिने हातातली बशी पालथी घातली. मग म्हणाली, "अडीच महिने झाले होते. दुपारची वेळ होती."

"घरात कोण होतं?"

"कोणीच नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला फोन लावला होता."