टोलिशूव

ओढ्यावर पाणचक्की, दळणात हिस्सा, आणि नव्या गावाला स्वतःचं नाव: गाव वसवायला घेतलेल्या गेर्लाखने बर्चची ओली काठी उचलली तेव्हा एवढं त्याच्या पदरात पडायचं होतं. त्यासाठी शीव ओढ्यापलीकडे सरकायला हवी होती. पलीकडची जमीन मठाची होती, एवढीच काय ती अडचण.

शिवेवर मातीचा ढीग रचला, की गावातल्या एका तरण्याला त्यावर पालथं घालून झोडपायचं, अशी रीत. मार लक्षात राहतो, त्यासोबत जागाही. यंदा पाळी टोलिशची होती. नुकतं लग्न झालेला, याच रानात वाढलेला.

"दमानं, मालक," पहिल्या ढिगावर तो म्हणाला. "एका फटक्यात ध्यानात राहील. लगेच विसरायला मी काय तुमचा मेव्हणा आहे?"

लोक हसले. गेर्लाखही हसला, काठी मात्र हलकी पडली नाही.

शेवटचा ढीग त्याने ओढ्यापलीकडे रचून घेतला होता.

"शीव कुठं?" गेर्लाखने विचारलं.

"अलीकडं, ओकाच्या झाडाखाली. बापानं खोडावर क्रूस कोरलाय."

काठी बसली.

"आता?"

"तिथंच. मला मारून झाड चालत येईल होय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू टोलिशला भोवलं. गेर्लाख आता पाठ, मान, डोकं बघेना. काठी मोडली, तशी त्याने फावडं घेतलं.

टोलिशची पोटुशी बायको डोब्रुता पाण्यात उतरली.

"म्हण की रे, इथंच आहे म्हणून! झाड काय जेवायला घालणार आहे?"

टोलिशला बोलता येत नव्हतं. तो सरपटत ओढा ओलांडून आला. त्याच्यामागे पाणी लाल होत गेलं. त्याने क्रुसावर पंजा टेकवला आणि मुळांत तोंड खुपसून निपचित पडला, तो परत उठला नाही. कुणी पुढे झालं नाही.

पुढच्या आठवड्यात ड्यूकचा कारभारी शीव नोंदवायला आला. गेर्लाखने पलीकडचा ढीग दाखवला. कारभाऱ्याने रिवाजाप्रमाणे गावाला विचारलं. सगळे गेर्लाखच्या हाताकडे बघत राहिले. डोब्रुता मात्र चालत गेली आणि ओकाखाली उभी राहिली. मग एकेक जण खाली मान घालून तिच्यामागे जाऊन थांबला.

"इथंच कशावरून?" कारभाऱ्याने विचारलं.

"इथं टोलिश पडला," डोब्रुता म्हणाली.

"आम्ही बघितलंय," मागून कुणी म्हणालं.

कारभाऱ्याने गावाचं नाव विचारलं. गेर्लाखने तोंड उघडलं, पण कारभाऱ्याच्या लेखनिकाची लेखणी टोलिशचं नाव लिहीत आधीच चालली होती.

चक्की मठाने बांधली. गेर्लाखचं धान्यही तिथंच दळलं जायचं.

टोलिशूवात अजून दर वसंतात शीव फिरतात, ढिगाढिगावर कुणा तरण्याला झोडपतात. ओकापाशी आले, की काठी खाली ठेवतात. तिथला मार सगळ्या गावाच्या वाटचा एकाने खाऊन झाला आहे.