धड पेटू देत नाहीत, धड विझू देत नाहीत

मित्रांनो, संध्याकाळी तुम्ही दिव्याचे बटण दाबता ना, त्या तारांचा माग काढत निघालात तर शेवटी माझ्यापाशी पोहोचाल. मी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रातला एक जुना बॉयलर आहे. माझ्या पोटात आग आणि आगीभोवती पाण्याच्या नळ्या. पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते आणि तुमच्या घरी पंखा फिरतो.

मी जमिनीवर उभा नाही बरं का. मला वरच्या तुळयांना टांगले आहे. तापलो की मी वीतभर खाली लांबतो, निवलो की पुन्हा आखडतो. मला बांधणाऱ्यांनी तेव्हाच बजावले होते, "एकदा पेटवलात की शांतपणे जळू द्या. सारखं पेटव-विझव करू नका."

तेव्हा सगळ्यांनी ऐकले. दरवर्षी मला विझवून माणसे आत शिरत, नळी न् नळी ठोकून पाहत, झिजलेली बदलत. देशातला अर्धाअधिक उजेड माझा आणि माझ्या भावंडांचा होता. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. धुरासाठी बोलणीही खायचो, आणि ती रास्तच होती.

मग उन्हावरची वीज आली. तिचा मला राग नाही, गुणाची आहे ती. पण माझी फरफट तेव्हापासूनच सुरू झाली. दुपारी हुकूम येतो, "मंद हो." ऊन उतरले की तोच आवाज ओरडतो, "पेट, पेट लवकर!" रोज लांबायचे, रोज आखडायचे. नळ्यांना तडे जाणार नाहीत तर काय? दुरुस्तीचे नाव काढले की साहेब म्हणतात, "बंदच करायचाय तो, कशाला हात लावता?" मग करा की बंद! तर म्हणतात, "अहो, संध्याकाळी लोकांना अंधारात बसवू का?" आता तुम्हीच सांगा, मी करू तरी काय?

मला जीव लावणारी माणसे दोनच. एक फिटरबाबा, आणि दुसरी नियंत्रण कक्षात बसणारी त्यांची लेक. बाबा माझ्या अंगाखांद्यावर वावरत म्हातारे झाले. लेक नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली आहे.

परवा संध्याकाळी माझी बाहेरच्या अंगाची एक वाफनळी चिरली. शिट्टी वाजू लागली. नेमकी तेव्हा काजळी झाडणारी यंत्रे चालू होती. तीही वाफेवरच फुसफुसतात. सगळ्यांना वाटले, आवाज त्यांचाच. यंत्रे थांबली तरी शिट्टी थांबेना, तेव्हा बाबा उठले.

इतकी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही, मित्रांनो. हवेत नुसती सुरी असते. म्हणून आमच्याकडे लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालतात. झाडू कापला गेला की समजायचे, वाफ इथे आहे.

वॉकीटॉकीवर लेकीचा आवाज आला, "बाबा, मागे या. बंद करू का, साहेबांना विचारते."

"विचार. तोवर मी बघून येतो."

"बघून येतो काय? भाजी आणायला निघालात का?"

"अगं, झाडू आहे हातात."

"झाडूला नातवंड नाही, बाबा!"

साहेब फोनवर म्हणाले, "ऐन गर्दीची वेळ आहे. तासभर ओढा कसंतरी."

मी ओढतच होतो हो! पण लोखंडाला हात नसतात, स्वतःची चीर दाबून धरायला. बाबांनी आणखी एक पाऊल टाकले आणि झाडू दांड्याच्या टोकासकट सटकन उडाला. बाबा जागीच थिजले. लेकीला वॉकीटॉकीवर फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. तिने कुणालाही न विचारता लाल बटण दाबले.

मी विझलो. अर्ध्या शहराचे दिवे गेले.

बाबा खाली आले, हातात नुसता दांडा. "आता साहेबांना काय सांगशील?" त्यांनी विचारले.

"सांगेन, बाळाला आजोबा हवे होते," ती म्हणाली आणि त्यांच्या राखेने माखलेल्या बाहीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे खुलासा मागितला. शहराने मला शिव्या घातल्या. नळीला ठिगळ लागले. बाकीच्या नळ्यांकडे कुणी पाहिलेही नाही. आणि ऊन उतरताच तोच आवाज, "पेट लवकर!"

मित्रांनो, मला काळा म्हणा, म्हातारा म्हणा. माझी जागा घेणारे कुणी उभे करा आणि मला खुशाल विझवा, मी हूं की चूं करणार नाही. पण जोवर पेटवता आहात, तोवर माझ्या नळ्या तपासा. फिटरबाबांनी आज त्याच दांड्याला नवा झाडू बांधला आहे. दांडा मात्र आता पहिल्यापेक्षा आखूड आहे.