कोरी तक्रारवही

माझ्या उद्धवला मोजायचा नाद आहे, पण काय मोजावं हे त्याला कळत नाही. लग्नाला गेला तर पंगती किती उठल्या ते बिनचूक सांगतो. जेवण कसं होतं विचारलं तर आठवत नाही. हाडाचा गणिताचा मास्तर. भूकंपानंतर आम्ही किल्लारीकडून लातूरला आलो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत अकरा पोरं घेऊन त्यानं क्लास काढला. आता लातुरात तीन मजले, नांदेडला शाखा, आणि दोन्हीकडं हॉलभर कॉम्प्युटर. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली पोरं त्यांच्यावर सराव परीक्षा देतात.

हे कॉम्प्युटर सांभाळायला दोघं. नांदेडला सत्यम, लातूरला सुकन्या. सुकन्या मुरुडची, रोज एसटीनं यायची. बापानं तिला वर्षाची मुदत दिलेली. नोकरी टिकली तर टिकली, नाहीतर मुकाट्यानं घरी ये, स्थळ तयार आहे.

उद्धवनं दोन्हीकडं एकेक तक्रारवही टांगली. बिघडलं की मास्तरांनी लिहायचं, दुरुस्त झालं की पुढं खूण. महिना संपला की खुणा मोजायच्या. सत्यमच्या निघाल्या एकशे बारा. सुकन्याच्या चार.

"आई, ती पोरगी फुकट पगार घेऊन राहिली," उद्धव जेवताना म्हणाला. "एक तारखेपासून काढतो तिला."

"दिवसभर करती काय?"

"बसती."

"तू बघितलंस?"

"माझ्यासमोर ती कामाचं सोंग करंल. तूच जाऊन बस एक दिवस. तुझ्यासमोर कशाला करंल?"

म्हणजे म्हातारी माणसांत जमाच नाही. बरं म्हटलं.

मी तिसरी शिकलेली. वही-पेन्सिल घेतली, वाती वळायला कापूस घेतला, आणि सकाळी सातला तिच्या खोलीत ठाण मांडलं. कपाटाएवढं मशीन घुमत होतं. एसी असा गार की पदर कानावरून घ्यावा लागला. अकरापर्यंत माझ्या वहीत एवढंच उतरलं: सात, आली. सव्वासात, कॉम्प्युटरांपुढून फिरली. आठ, बसली. नऊ, बसली. दहा, चहा प्याली. अकरा, बसली.

माझ्या दीडशे वाती झाल्या तरी तिचं बसणं संपेना.

"पोरी, तू काही करतीस का न्हाई?"

"करून राहिले की, आजी. वीज गेली तर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या तपासल्या. त्यातली एक आठवड्याभरात मरणार होती, ती सव्वासातच्या फेरीतच बदलली. कालच्या पेपरांची दुसरी प्रत नीट निघाली का ते बघितलं."

"मग वहीत लिही की गं!"

"तक्रार आली तरच लिहायचं म्हणले सर. बॅटरी मरायच्या आधी तक्रार कोण करंल?"

पोरीचं खरं होतं. पण खऱ्यानं नोकरी वाचत नाही, एवढं मला तिसरीच्या पुढं न शिकताही कळतं. मी उठले, गुडघ्यांच्या शिव्या खात तिन्ही मजले चढले, आणि एकेका मास्तराला वर्गाबाहेर काढलं.

"तक्रार लिहा."

"कशाची, आजी?" श्रीनाथ सर घाबरले. मालकाची आई म्हटल्यावर माणूस घाबरतोच.

"कशाचीबी लिहा."

त्या गरीब माणसानं लिहिलं, 'माउस हाताला गार लागतो.' सौदामिनी मॅडमनी लिहिलं, 'पडद्यावर धूळ दिसते.' संध्याकाळपर्यंत एकोणीस तक्रारी गोळा झाल्या. मी वही सुकन्यापुढं ठेवली. "हं, मार खुणा."

तिनं वाचलं आणि वही मिटली. "आजी, जे बिघडलंच न्हाई ते दुरुस्त केलं म्हणून कसं लिहू? नोकरी गेली तर जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी उद्धव वही नाचवत घरी आला. "बघ आई! एका दिवसात एकोणीस तक्रारी, आन् खूण एकबी न्हाई!"

आता करणी माझी आणि फाशी पोरीला. मी म्हटलं, "एक महिना थांब. दोघांची अदलाबदल कर. ती नांदेडला, तो इथं. मग मोज." मोज म्हटल्यावर तो लगेच तयार झाला.

नांदेडला माझी नणंद सिंधु असते. सुकन्याला तिच्या घरी ठेवलं. पहिल्या आठवड्यात सिंधुचा फोन, "वैनी, ही पोरगी जेवायलाच येत न्हाई. वायरींच्या गुंत्यात शिरती आन् जाळी-जळमटं घेऊन बाहेर निघती." त्या आठवड्यात सुकन्याच्या खुणा सत्तर. निम्म्या तक्रारींचं मूळ एकच जळकं बोर्ड निघालं. सत्यम रोज त्याची वायर काढून परत खोचायचा, की खूण. दुसऱ्या आठवड्यात तिच्या खुणा वीस झाल्या, तिसऱ्यात तीन. चौथ्यात एकही नाही. सिंधु म्हणाली, "आता येळेवर जेवती."

इकडं लातुरात सत्यमच्या पहिल्या आठवड्यात सहा खुणा. तिसऱ्यात तीस. चौथ्या आठवड्यात भर परीक्षेत वीज गेली, बॅटऱ्यांनी मान टाकली, आणि दोनशे पोरं पाऊण तास हातावर हात ठेवून बसली. सत्यम तीन मजले खाली-वर पळाला. घामानं शर्ट चिंब. पडदे उजळले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या चिरंजीवांनी काय करावं? शाल-नारळ मागवून त्याचा सत्कार केला!

ऐतवारी दुपारी उद्धवनं निकाल सांगायला दोघांना घरीच बोलावलं. सुकन्या नांदेडहून सरळ आलेली, पिशवी अजून खांद्याला. मी ताटं मांडत होते. त्यानं दोन्ही वह्या उघडल्या.

"सुकन्या, पहिला आठवडा झकास. मग तू ढिली पडलीस. शेवटी तर शून्य. आन् सत्यमचा आलेख बघ, चढताच!"

सत्यम खाली बघत म्हणाला, "सर, परीक्षा माझ्यामुळंच बंद पडली. ताई गेल्यापासून मी बॅटऱ्या बघितल्याच न्हाईत. ती शाल परत देतो."

"बघ आई," उद्धव खुशीत म्हणाला, "शिवाय नम्रबी हाय. सुकन्या, तुझं उद्यापासून..."

सुकन्यानं पिशवीचा बंद घट्ट धरला. मी ताट खाली ठेवलं.

"उद्धवा, तुझ्या वहीनं मोजलं तर मी तुझी आईच न्हाई. तुझा कधी हात मोडला न्हाई, तू कधी हिरीत पडला न्हाईस, मला तुला घेऊन कधी पळावं लागलं न्हाई. आपल्या शेजारच्या गुरम्माचा धोंडप्पा सतरा येळा झाडावरून पडला आन् सतरा येळा ती त्याला उचलून दवाखान्यात पळाली. सतरा खुणा! माझं पान कोरं. मग आईपण तिनंच केलं, तिच्याकडंच जेव. माझ्या हातचं जेवायचं असंल तर ही पोरगी लातुरातच ऱ्हाईल, सत्यम वरीसभर हिच्या हाताखाली शिकंल, आन् पोरांचा पेपर किती येळा थांबला, तेवढंच तू मोजशील. बोल, वाढू का गुरम्माला फोन लावू?"